नोकरीतला आरोग्य विमा: घरच्यांनाही परवडेल असा कसा मिळवाल?

"डॉक्टर, विमा आहे, पण तो माझ्यापुरताच. हिच्या ऑपरेशनला चालेल का?" परळ, लालबाग, दादर, गिरगाव या भागात जनरल प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणारा कधी लोअर परळच्या एखाद्या ऑफिसातला सिक्युरिटी गार्ड असतो, कधी दादरच्या कपड्याच्या दुकानातली सेल्सगर्ल, कधी गिरगावातल्या छापखान्यातला कामगार. बहुतेकांच्या पगारातून विम्यासाठी पैसे कापले जातात. पण त्या पैशांत घरातल्या कुणाला काय मिळते, हे फार थोड्यांना माहीत असते.

याचा परिणाम आजारावर होतो. साखरेच्या गोळ्या महिन्याचे शेवटचे आठ दिवस बंद राहतात. हर्नियाचे ऑपरेशन "दिवाळीनंतर बघू" म्हणून पुढे ढकलले जाते. आईच्या छातीत दुखत असूनही ईसीजी काढलेला नसतो. पुढे हाच आजार वाढून रुग्णालयात दाखल व्हावे लागते आणि घरावर कर्ज होते. म्हणून विमा समजून घेणे हा उपचाराचाच भाग आहे, असे मी मानतो. नोकरीतून मिळणाऱ्या विम्याचे प्रकार, त्यात घरच्यांचे हक्क आणि कमी खर्चात जास्तीत जास्त संरक्षण मिळवण्याचे मार्ग या लेखात पाहू.

आधी ओळखा: तुमचा विमा कोणता?

नोकरीतून मिळणारा आरोग्य विमा मुख्यतः दोन प्रकारचा असतो.

१. ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा योजना. ही कायद्याने सक्तीची आहे. साधारणपणे दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या कारखान्यांना आणि आस्थापनांना ती लागू होते. महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असलेले कामगार तिच्यात येतात. अपंग कामगारांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे.

२. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम. कंपनी एखाद्या विमा कंपनीकडून सर्व कर्मचाऱ्यांसाठी एक गट पॉलिसी घेते. त्यात कुणाला घ्यायचे, किती रकमेचे संरक्षण द्यायचे आणि हप्ता कुणी भरायचा, हे कंपनी ठरवते.

तुमचा कोणता, हे पगारपत्रकावरून कळते. कपातीच्या रकान्यात "ईएसआय" किंवा "ईएसआयसी" असेल तर पहिला प्रकार. "मेडिक्लेम", "जीएमसी" किंवा "इन्शुरन्स प्रीमियम" असे काही असेल तर दुसरा. कंत्राटदारामार्फत कामावर असाल आणि पगारपत्रकच मिळत नसेल, तर ते मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

गिरणगावाला जुनी असलेली योजना

ईएसआयची योजना या भागाला नवी नाही. प्रा. बी. पी. आदारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ मध्ये दिला. त्यातून १९४८ चा कायदा आला. १९५२ मध्ये योजना कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली आणि १९५४ मध्ये मुंबईत आली. तेव्हा इथला सर्वांत मोठा कामगारवर्ग गिरण्यांमध्ये होता. सुरुवातीला उपचारांचा लाभ कामगारापुरता होता, कुटुंबाला तो नंतर मिळाला. परळचे महात्मा गांधी मेमोरियल रुग्णालय आणि वरळीचे कामगार विमा रुग्णालय या भागातल्या अनेक घरांना चांगले परिचयाचे आहे.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि नोकरीबरोबर घराचा विमाही गेला. आज त्याच जागांवर ऑफिसे, मॉल आणि हॉटेले उभी आहेत. तिथे हाउसकीपिंग, सुरक्षा, किचन, डिलिव्हरी अशा कामांत असलेल्या कितीतरी लोकांना ईएसआय लागू होते. पण आजोबांना माहीत असलेली ही योजना नातवाला माहीत नसते. "ते कार्ड काही कामाचं नाही" असे म्हणून ते कपाटात पडून राहते.

ईएसआयमध्ये तुम्ही किती भरता आणि काय मिळते?

१ जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के आहे. पगार १८,००० रुपये असेल तर तुमचे १३५ रुपये जातात आणि मालक ५८५ रुपये भरतो. रोजची सरासरी मजुरी १७६ रुपयांपर्यंत असेल तर कामगाराला काहीच भरावे लागत नाही, मालकाचा वाटा मात्र भरला जातो.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. मालकाचा वाटा तुमच्या पगारातून कापता येत नाही. वरच्या उदाहरणात पगारपत्रकावर १३५ ऐवजी ७२० रुपये कापलेले दिसले, तर दोन्ही वाटे तुमच्याकडूनच घेतले जात आहेत. हे नियमाविरुद्ध आहे.

घरात माणसे दोन असोत की सहा, वर्गणी तेवढीच राहते. आई-वडिलांचे वय वाढले किंवा पत्नीला मधुमेह निघाला म्हणून ती वाढत नाही. खासगी विम्यात वय आणि आजार वाढला की हप्ता वाढतो. कमी पगाराच्या कुटुंबासाठी हा फार मोठा फरक आहे.

कुटुंबात कोण येते?

- पती किंवा पत्नी
- तुमच्यावर अवलंबून असलेली अल्पवयीन मुले, दत्तक मुलेही
- शिकत असलेली आणि पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून असलेली मुले, वयाच्या २१ वर्षांपर्यंत
- अवलंबून असलेली अविवाहित मुलगी
- शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे कमवू न शकणारे मूल
- अवलंबून असलेले आई-वडील, त्यांचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर

नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तुम्हाला आणि कुटुंबाला वैद्यकीय लाभ सुरू होतो. हृदयाची शस्त्रक्रिया, कॅन्सर, डायलिसिस अशा सुपरस्पेशालिटी उपचारांसाठी मात्र काही महिन्यांची नोकरी आणि वर्गणीची अट असते. ती कुटुंबासाठी कामगारापेक्षा थोडी जास्त असते. म्हणून नोकरी लागल्या लागल्या नोंदणी करून घेणे महत्त्वाचे आहे. नोंदणी सहा महिने उशिरा झाली तर तुमचा हक्कही तेवढाच मागे पडतो.

डॉक्टर म्हणून मला महत्त्वाचा वाटणारा फरक

विमा म्हटले की लोकांना फक्त ऑपरेशन आठवते. पण आपल्या घरांत पैसा नेहमी कुठे जातो? रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड, दमा, सांधेदुखी यांच्या औषधांवर आणि तपासण्यांवर. हा खर्च दर महिन्याला असतो आणि वर्षानुवर्षे चालतो.

बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावर किंवा ठरावीक डे-केअर उपचारांसाठीच पैसे देतात. दवाखान्यातली तपासणी आणि रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. दाखल होण्याआधीचा आणि नंतरचा काही दिवसांचा खर्च मिळतो, तोही त्या दाखल होण्याशी संबंधित असेल तर.

ईएसआयमध्ये दवाखान्यातली तपासणी, औषधे, रक्त-लघवीच्या चाचण्या, तज्ज्ञाचा सल्ला आणि रुग्णालयातला उपचार हे सगळे येते. म्हणून घरात दोन मधुमेही आणि एक रक्तदाबाचा रुग्ण असेल, तर १३५ रुपयांच्या त्या वर्गणीची किंमत फार मोठी आहे. दर महिन्याची औषधे मिळाली की गोळ्या चुकत नाहीत. गोळ्या चुकल्या नाहीत तर पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मूत्रपिंड निकामी होणे यांचा धोका कमी होतो.

अडचणीही आहेत. गर्दी असते. एखादे औषध त्या दिवशी उपलब्ध नसते. मोठ्या रुग्णालयात पाठवण्याच्या चिठ्ठीसाठी फेऱ्या होतात. म्हणून माझा सल्ला असा की आजारी पडल्यावर योजना शिकू नका. घरात सगळे बरे असतानाच आपला दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर कोण आहे ते शोधा आणि एकदा जाऊन या. मुंबईत खासगी प्रॅक्टिस करणारे काही डॉक्टर ईएसआयच्या पॅनेलवर असतात. घराजवळचा डॉक्टर निवडता येतो.

आजारपणात पगार: अनेकांना माहीत नसलेला हक्क

ईएसआयमध्ये उपचारांबरोबर रोख लाभही मिळतात. मेडिक्लेममध्ये हे सहसा नसतात.

- आजारपणाचा लाभ: सरासरी दैनिक पगाराच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. १८,००० पगाराला दिवसाचे ६०० धरले तर ४२० रुपये रोज. यासाठी आधीच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते.
- दीर्घ आजाराचा लाभ: क्षयरोग, कॅन्सर यांसारख्या यादीतल्या ३४ आजारांसाठी ८० टक्के, कमाल दोन वर्षांपर्यंत. यासाठी दोन वर्षांची नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी लागते.
- प्रसूती लाभ: पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पूर्ण पगार, वर्गणीची अट पूर्ण असल्यास.
- कामावर अपघात झाल्यास: पगाराच्या ९० टक्क्यांच्या दराने अपंगत्वाचा लाभ. मृत्यू झाल्यास अवलंबितांना निवृत्तिवेतन.

क्षयरोगाच्या रुग्णांसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत रुग्णाला विश्रांतीची गरज असते. पण घरी बसले तर चूल कशी पेटणार, म्हणून तो कामावर जातो. औषधे अर्धवट राहतात आणि आजार औषधांना दाद न देणारा होतो. पगाराचा काही भाग चालू राहणार आहे हे माहीत असेल, तर तो उपचार पूर्ण करतो.

या लाभांसाठी ईएसआयच्या डॉक्टरचे प्रमाणपत्र वेळेवर घ्यावे लागते. बाहेरच्या डॉक्टरकडे उपचार चालू असले तरी ईएसआयच्या डॉक्टरला कळवा आणि कागद दाखवा. आजारपणाचा लाभ घेत असताना मालक तुम्हाला त्या कारणाने कामावरून काढू शकत नाही.

पगार २१,००० च्या वर गेला तर?

इथे अनेक घरांची मोठी अडचण होते. पगार २०,५०० चा २२,००० झाला, घरात आनंद झाला, पण ईएसआय बंद झाली. हातात महिन्याला हजार-दीड हजार जास्त आले आणि आई-वडिलांच्या औषधांचा खर्च अंगावर आला. कंपनीने मेडिक्लेम दिला असेल तर तो बहुधा फक्त कर्मचाऱ्यापुरता असतो.

अशा वेळी चार गोष्टी पाहा.

तारीख. वर्गणीचे दोन काळ असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पगार काळाच्या मध्येच मर्यादेच्या वर गेला तर त्या काळाच्या शेवटपर्यंत तुम्ही योजनेत राहता. त्या काळातल्या वर्गणीवर पुढच्या लाभकाळातही हक्क राहू शकतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभकाळ पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनचा असतो, तर ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीचा १ जुलै ते ३१ डिसेंबरचा. तुमचा हक्क कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे ईएसआयच्या शाखा कार्यालयातून विचारून घ्या. ठरलेले ऑपरेशन असेल तर ते त्याआधी करून घेता येईल.

ओव्हरटाइम. जास्त कामाचे पैसे २१,००० च्या मर्यादेसाठी मोजले जात नाहीत. ओव्हरटाइममुळे एखाद्या महिन्यात २३,००० हातात आले म्हणून कुणी "तू योजनेतून गेलास" म्हणाले तर ते बरोबर नाही.

पगाराची व्याख्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात वेतनाची व्याख्या वेगळी आहे. मर्यादेच्या आसपास पगार असलेल्यांनी आपण योजनेत बसतो का, हे एचआरकडून आणि ईएसआयच्या कार्यालयातून पुन्हा तपासून घ्यावे.

बोलणी. ईएसआयमध्ये मालक तुमच्यासाठी पगाराच्या ३.२५ टक्के भरत होता. २१,००० पगारावर ते महिन्याला सुमारे ६८३ रुपये, म्हणजे वर्षाला आठ हजारांहून जास्त होतात. तुम्ही योजनेतून बाहेर पडलात की मालकाचा हा खर्च वाचतो. "तेवढी रक्कम माझ्या कुटुंबाच्या मेडिक्लेममध्ये घाला" ही मागणी वाजवी आहे आणि पगारवाढीच्या बोलण्याच्या वेळीच ती करावी.

ग्रुप मेडिक्लेम: घरच्यांना स्वस्तात कसे घ्याल?

एकेकट्याने विचारण्यापेक्षा दहा-बारा सहकाऱ्यांनी किंवा युनियनने मिळून विचारले तर कंपनी लवकर ऐकते. पॉलिसी दरवर्षी नव्याने होते, म्हणून नूतनीकरणाच्या दोन महिने आधी बोला. काय मागता येईल?

१. एकट्याच्या मोठ्या रकमेऐवजी कुटुंबाची सामाईक रक्कम. फक्त कर्मचाऱ्याला ५ लाखांपेक्षा पती-पत्नी आणि मुलांना मिळून ३ लाख हे बऱ्याच घरांना जास्त उपयोगी असते. याला फॅमिली फ्लोटर म्हणतात.

२. आई-वडिलांचा हप्ता पगारातून थोडा थोडा. अनेक कंपन्या आई-वडिलांसाठी वेगळा पर्याय देतात, पण हप्ता एकरकमी कापतात. १८,००० एकदम देणे कठीण जाते, महिन्याला १,५०० शक्य होते. ही सोय देण्यात कंपनीचा फारसा खर्च नसतो.

३. कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांना जास्त वाटा. सर्वांकडून सारखाच हप्ता घेतला तर तो शिपायाला जड जातो आणि मॅनेजरला जाणवतही नाही. पगाराच्या प्रमाणात वाटा ठेवता येतो. ईएसआय याच तत्त्वावर चालते.

४. सुपर टॉप-अपचा पर्याय. समजा कंपनीचे संरक्षण ३ लाखांचे आहे. तुम्ही ३ लाखांच्या वरची सुपर टॉप-अप पॉलिसी घेतली. वर्षभरातली बिले मिळून ५ लाख झाली, तर ३ लाख कंपनीच्या पॉलिसीतून आणि वरचे २ लाख सुपर टॉप-अपमधून, अटींना धरून मिळतात. पहिले ३ लाख विमा कंपनीला द्यावे लागत नाहीत, म्हणून हप्ता बराच कमी असतो.

लग्न झाल्यावर किंवा मूल झाल्यावर नाव लगेच द्या. बहुतेक पॉलिसींत यासाठी थोड्याच दिवसांची मुदत असते. ती चुकली तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबावे लागते.

आई-वडिलांसाठी: कंपनीची पॉलिसी की वेगळी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. गट पॉलिसीवर मात्र १८ टक्के आहे. म्हणजे कंपनीमार्फत २०,००० चा हप्ता असेल तर वर ३,६०० रुपये कर. त्यामुळे "वेगळीच पॉलिसी स्वस्त" असे वाटू शकते.

पण फक्त हप्ता पाहू नका. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. गट पॉलिसीत बहुधा हे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. वडिलांना मधुमेह आहे आणि गुडघ्याचे किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन जवळ आले आहे, तर कंपनीची पॉलिसी कर धरूनही फायद्याची ठरेल. आई-वडील निरोगी आणि साठीच्या आतले असतील, तर वैयक्तिक पॉलिसी लवकर सुरू करणे बरे, कारण ती तुमच्या नोकरीवर अवलंबून राहत नाही.

फॉर्म भरताना आजार लपवू नका. रक्तदाबाची गोळी चालू आहे हे न सांगितल्याने क्लेम नाकारला गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. एजंट "लिहू नका" म्हणाला तरी लिहा.

जुन्या कर पद्धतीत विवरणपत्र भरत असाल तर कलम ८०ड खाली सवलत मिळते: स्वतः, पती-पत्नी आणि मुलांसाठी २५,००० रुपयांपर्यंत आणि ज्येष्ठ आई-वडिलांसाठी ५०,००० रुपयांपर्यंत. आई-वडील ६० च्या आतले असतील तर त्यांच्यासाठी २५,०००. पगारातून कापलेला त्यांचा हप्ताही धरता येतो. नव्या कर पद्धतीत ही सवलत नाही.

खोलीच्या भाड्याची अट वाचा

क्लेममध्ये सर्वांत जास्त वाद खोलीवरून होतात. पॉलिसीत खोलीचे भाडे रोज ३,००० पर्यंत असे लिहिले असेल आणि तुम्ही ६,००० ची खोली घेतली, तर फक्त भाड्यातला फरक भरून भागत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे त्या खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकतात. हे खर्च ८०,००० असतील तर ४०,००० च मिळतील. औषधे, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागू होत नाही. म्हणून दाखल होतानाच काउंटरवर सांगा, "माझ्या पॉलिसीत बसेल तीच खोली द्या."

विमा नाही किंवा अपुरा आहे, तर?

दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानात काम असेल, घरकाम करत असाल किंवा नोकरी सुटली असेल, तरी मार्ग आहेत.

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत: महाराष्ट्रात एकत्र राबवल्या जातात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत यादीतले उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मोफत मिळतात. तिथल्या आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा.
- ७० वर्षे पूर्ण झालेले: २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. त्याला उत्पन्नाची अट नाही. ईएसआय किंवा खासगी विमा असला तरी काढता येते. घरातल्या आजी-आजोबांचे हे कार्ड काढलेले नसेल तर याच आठवड्यात काढा.
- धर्मादाय रुग्णालये: धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. दाखल होण्याआधीच तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला देऊन विचारा.
- केईएम, नायर, टाटा मेमोरियल: गर्दी असली तरी गंभीर आजारात या रुग्णालयांतले समाजसेवक योजनांचे कागद पूर्ण करायला मदत करतात.

लोक नेहमी विचारतात

*आई-वडील गावी, कोकणात किंवा घाटावर राहतात. त्यांना ईएसआय मिळेल का?*
कुटुंब वेगळ्या ठिकाणी राहत असेल तर नोंदणीत तसे लिहून त्यांच्यासाठी वेगळा दवाखाना निवडता येतो. मात्र त्या भागात योजना लागू असायला हवी.

*रात्री अचानक छातीत दुखले तर आधी ईएसआय दवाखान्यात जायचे का?*
नाही. जीव महत्त्वाचा. जवळच्या सोयी असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्या. कागद, बिले आणि तपासण्या जपून ठेवा, लवकरात लवकर ईएसआयला कळवा आणि परतफेडीचा अर्ज करा. सगळी रक्कम मिळेलच असे नाही, कारण दर ठरलेले असतात. धोका टळला की ईएसआयच्या रुग्णालयात हलवण्याबद्दल विचारा.

*वर्गणी कापतात पण कार्ड चालत नाही.*
ईएसआयच्या पोर्टलवर तुमच्या विमा क्रमांकाने किती दिवसांची वर्गणी जमा आहे ते पाहता येते. कापलेली वर्गणी न भरणे हा मालकाचा गुन्हा आहे. पगारपत्रकांच्या प्रती घेऊन शाखा कार्यालयात किंवा लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरील पंचदीप भवनात लेखी तक्रार द्या. टोल फ्री क्रमांक १८००-११-२५२६ आहे.

*निवृत्तीनंतर काय?*
किमान पाच वर्षे ईएसआयमध्ये असलेला कामगार वयोमानाने निवृत्त झाला, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पती किंवा पत्नीसाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. निवृत्तीच्या कागदांबरोबरच हा अर्ज करा.

*नोकरी सुटली की मेडिक्लेम बंद होतो?*
बहुधा कामाच्या शेवटच्या दिवशी. पण त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते आणि गट पॉलिसीत काढलेला काळ प्रतीक्षाकाळात धरला जातो. राजीनामा देण्याआधीच अर्जाची मुदत विचारा.

या महिन्यात करायची पाच कामे

१. पगारपत्रक काढा. कपात कसली आणि किती आहे ते पाहा.
२. ईएसआय असेल तर पोर्टलवर कुटुंबातल्या सगळ्यांची नावे, जन्मतारखा आणि आधार नोंदले आहेत का ते तपासा. राहिलेले नाव मालकाकडून घालून घ्या.
३. मेडिक्लेम असेल तर एचआरकडून पॉलिसीची प्रत मागा. रक्कम, कुटुंबातली नावे, खोलीची अट आणि जवळची कॅशलेस रुग्णालये या चार गोष्टींवर खूण करा.
४. एका फाइलमध्ये विमा कार्ड, आधार, रेशनकार्ड आणि प्रत्येकाच्या आजाराची व औषधांची यादी ठेवा. फाइल कुठे आहे ते घरात किमान दोघांना माहीत असू द्या.
५. घरातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. ईएसआय असेल तर ते तिथेच मोफत होईल.

ही पाच कामे करायला एक सुट्टीचा दिवस पुरतो. तेवढ्यात एखादे राहिलेले नाव नोंदवले गेले, तर पुढच्या आजारपणात तुमच्या घरातल्या माणसाचा उपचार वेळेवर सुरू होईल.